ॲम्प्लिफायर आणि स्पीकर : जोडी कशी जमवावी



हंगामाचे पैसे हाती आले की घरात एखादी नवी वस्तू येते. कोणाकडे पिठाची गिरणी, कोणाकडे लोखंडी कपाट, आणि तरुण मुलं असली की गाणी-भजनं ऐकायचा सेट. दुकानातून एकाच कंपनीचा जुळवलेला सेट आणला तर फारसा प्रश्न नसतो. पण पुष्कळ घरी ॲम्प्लिफायर एका ठिकाणचा, स्पीकर दुसरीकडचे, आणि एखादा जुन्या गाडीतून काढलेला, अशी जुळवाजुळव असते. मग नेमका सणाच्या दिवशी, पाव्हणे-रावळे जमलेले असताना आवाज फाटतो, जळका वास येतो आणि सेट मुका होतो. रेडिओवर या विषयाबद्दल बोलताना वॅट आणि ओहमचे आकडे भराभर येऊन जातात. ऐकता ऐकता ते लिहून घेणं अवघड असतं. म्हणून हे पत्रक. तालुक्याला खरेदीला जाताना खिशात असू द्या.

मोठ्या मशीनला लहान स्पीकर लावला तर तो जळतो, हे सर्वांना माहीत आहे. लहान मशीनला मोठा स्पीकर लावला तर काही होत नाही, असंही पुष्कळ जण धरून चालतात. इथंच फसगत होते. लहान मशीन पुरतं पिळून चालवलं तरी स्पीकर जळतो, आणि घरगुती सेटमध्ये हे कारण फार वेळा आढळतं. ते कसं होतं हे पुढे येईलच. आधी वॅट आणि ओहम हे दोन शब्द नीट समजून घेऊ.

वॅट : छापलेले आणि खरे

वॅट म्हणजे शक्ती. आपल्या पंपाची मोटार आपण अश्वशक्तीत मोजतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीची मोटार झाली ३७३० वॅटची. तिला तीन फेजची लाइन लागते, जाड केबल लागते. आता बाजारात काखेत मावेल एवढ्या सेटच्या खोक्यावर ५००० वॅट छापलेलं असतं. बघा बरं, विहिरीवरच्या मोटारीपेक्षा जास्त! आणि त्याची वायर असते करंगळीपेक्षा बारीक. हा आकडा पी.एम.पी.ओ. या नावाने छापतात. तो मोजायची काही एक ठरलेली रीत नाही, ज्याला जो वाटेल तो छापतो. तो आकडा सोडून द्यावा. दुकानदाराला आर.एम.एस. वॅट किती ते विचारावे, म्हणजे आवाज न फाटता मशीन सतत किती शक्ती देऊ शकतं तो आकडा. आणि तो किती ओहमच्या स्पीकरवर मोजला आहे, हेही त्याच दमात विचारावे.

दुकानदाराला सांगता आलं नाही तर आपणच हिशेब करायचा. मशीन अडॅप्टरवर चालत असेल तर अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. १२ व्होल्ट आणि ३ अँपिअर असतील तर गुणाकार झाला ३६. सबंध मशीनला मिळतात ३६ वॅट, त्यातलेही काही उष्णतेत जातात. मग स्पीकरपर्यंत शंभर कुठून पोचणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! थेट लाइटवर चालणाऱ्या मशीनच्या पाठीवरही ते किती वॅट वीज घेतं ते बहुधा लिहिलेलं असतं. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं जुन्या धाटणीचं मशीन असेल, तर त्या आकड्याच्या निम्मी शक्ती सगळ्या स्पीकरना मिळून जाते, असं धरून चालावे.

घराला लागतात तरी किती वॅट? बांधावर ठेवलेला लहान ट्रान्झिस्टर अर्धा-एक वॅटच देतो, तरी खुरपणी करणाऱ्या बायांना चार सऱ्या पलीकडून बातम्या ऐकू येतात. दहा बाय बाराच्या खोलीत बेताच्या आवाजात गाणं ऐकायला एक वॅटसुद्धा पुरतो. मात्र मृदंगाचा ठोका, ढोलकीची थाप क्षणभर दहापट शक्ती मागते, आणि तेवढी शिल्लक मशीनजवळ असावी लागते. म्हणून खोलीसाठी डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला १५ ते ३० वॅट आणि अंगणासाठी ३० ते ५० वॅट, एवढं घरच्या माणसांना पुष्कळ झालं. अंगणाला जास्त का? खोलीत भिंती आवाज परत फेकतात. उघड्यावर तो निघून जातो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो.

वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हाही एक गैरसमज आहे. ३० चे ६० वॅट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासा फरक कळतो, इतकंच. कानाला दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. तेव्हा मशीन बदलण्याआधी स्पीकरचा माहितीचा कागद पाहावा. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो आकडा त्यावर असतो. ८८ चा एक स्पीकर आणि ९१ चा दुसरा असेल, तर ९१ चा स्पीकर निम्म्या शक्तीत तेवढाच बोलतो. आमचं मत विचाराल तर मशीनच्या वॅटवर पैसे घालण्याऐवजी ते चांगल्या स्पीकरवर आणि त्याच्या पेटीवर घालावेत. उघडाच स्पीकर खुंटीला टांगला तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, आणि ढोलकी पत्र्याचा डबा वाजवल्यासारखी लागते. आपल्याकडे स्पीकर माठाच्या तोंडावर बसवायची पद्धत होती, त्यात काही वेडेपणा नव्हता बरं का. माठ म्हणजे पेटीच.

ओहम : इथे मशीन जळतं

पंपाची एक गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. जास्त हेडचा पंप, विहीर काठोकाठ भरलेली असताना, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून चालवला तर काय होतं? पाणी धो धो येतं, आपल्याला बरं वाटतं, पण मोटार जास्त अँपिअर ओढते, तापते, आणि वाइंडिंग जळायची पाळी येते. अडथळा कमी झाला म्हणून मोटारीवरचं ओझं कमी होत नाही, उलट वाढतं.

ॲम्प्लिफायरचं नेमकं तसंच आहे. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा. घरगुती स्पीकर ८, ६ किंवा ४ ओहमचे असतात. ओहम जितके कमी, तितकी वीज जास्त ओढली जाते. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट ओझं घालतो. मशीनच्या मागे, जिथे स्पीकरच्या वायरी लावतात तिथे, ४ ते १६ ओहम किंवा किमान ६ ओहम असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला जो लहान आकडा, त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलं तर हरकत नाही. आवाज थोडा कमी होईल, पण जळणार काही नाही.

एका बाजूला एकच स्पीकर असेल तर हे सोपं आहे. घोटाळा होतो तो एकाच जागी दोन-दोन स्पीकर जोडताना. लाल वायरीला लाल आणि काळीला काळी असे शेजारी-शेजारी जोडले तर ओहम कमी होतात. ८ आणि ८ मिळून ४ होतात, ४ आणि ४ मिळून २. एकामागे एक, म्हणजे पहिल्याची काळी दुसऱ्याच्या लालला, असे जोडले तर ओहमची बेरीज होते : ८ आणि ८ मिळून १६. चार स्पीकर असतील तर दोन-दोनच्या एकामागे एक अशा दोन जोड्या करून त्या शेजारी-शेजारी जोडाव्यात. ८ ओहमचे चारही मिळून पुन्हा ८ ओहमच होतात. मशीनला वाटतं एकच स्पीकर आहे.

आता एक हिशेब बघू. समजा घरचं मशीन प्रत्येक बाजूला ८ ओहमवर ३० वॅट देतं, आणि ८ ओहमचे दोन स्पीकर त्यावर वर्षभर सुखाने वाजत आहेत. धाकट्या मुलाने गाडीतले ४ ओहमचे दोन स्पीकर आणले आणि ओट्यावर ऐकू यावं म्हणून त्याच वायरींना शेजारी-शेजारी जोडून दिले. आठ आणि चार मिळून होतात सुमारे पावणेतीन ओहम. पूर्ण आवाजाला मशीनला आधी सुमारे २ अँपिअर द्यावे लागत होते, आता सुमारे ६ मागितले जातात. ३० वॅटच्या मशीनकडे एकदम ९० वॅटची मागणी! त्यातले ६० एकटा गाडीचा स्पीकर मागतो आणि ३० घरचा, म्हणजे ओट्यावर गोंगाट आणि घरात कुजबुज. मशीन तापतं आणि फ्यूज जातो. फ्यूज जातो हे आपलं नशीब. काही जण तो पुन्हा पुन्हा जातो म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळतात. हे कधीही करू नये. मग फ्यूजच्या ऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो लाकडी फळीवर, पडद्याला टेकून असेल तर घराला आग लागायचा धोका असतो.

मग ओट्यावर ऐकायचं कसं? चार आणि आठचे स्पीकर एका बाजूला एकत्र जोडूच नयेत. ओट्यावरही आठचेच घ्यावेत. मशीनला ४ ओहम झेपत असतील तर आठ-आठची जोडी शेजारी-शेजारी लावावी. झेपत नसतील तर एकामागे एक लावावी. आणि हे करताना डाव्या आणि उजव्या बाजूच्या काळ्या वायरी एकत्र पिळून एक वायर वाचवू नये. अलीकडच्या अनेक मशीनमध्ये काळ्या टोकालाही वीज असते. दोन्ही काळ्या टेकल्या की मशीन तिथेच बसतं.

लहान मशीन मोठा स्पीकर कसं जाळतं

मशीनचं व्होल्टेज एका मर्यादेपर्यंतच चढतं. गाण्याची लाट त्यावर जाऊ लागली की तिचा शेंडा छाटला जातो, विळ्याने कुंपणाचे शेंडे छाटावेत तसा. गोलसर लाट चौकोनी होते. कानाला ते खरखरीत, फाटल्यासारखं लागतं. आता या चौकोनी लाटेत शक्ती जास्त भरते. ३० वॅटचं मशीन पुरतं पिळलं तर ते ६० वॅटच्या जवळपास शक्ती ढकलू शकतं, तीही सतत, ठोक्या-ठोक्यामधली विश्रांती न देता. शिवाय छाटलेल्या लाटेत तीक्ष्ण आवाजाचा भाग वाढतो. तो सगळा जातो ट्वीटरकडे, म्हणजे पेटीतल्या लहान स्पीकरकडे. ट्वीटरची कॉइल अगदी बारीक तारेची. पुष्कळदा ती पाच-दहा वॅटच सोसते. म्हणून आधी ट्वीटर जातो. लोक म्हणतात, आवाज बोदा झाला, पेटीत माती गेली असेल. माती नव्हे, ट्वीटर मेलेला असतो.

हेही ध्यानात घ्या की स्पीकरला दिलेल्या शक्तीतला शंभरातला एखादा भागच आवाज होतो, कित्येकदा तेवढाही नाही. बाकी सगळ्याची कॉइलमध्ये उष्णता होते. फाटका आवाज तासभर चालू ठेवणं म्हणजे रिकामं भांडं तासभर चुलीवर ठेवणं.

आवाज फाटायची तीन कारणं गावाकडे हमखास असतात. पहिलं बेसचं बटण. मुलांना ते शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. बेस १० डेसिबलने वाढवला तर त्या खोल आवाजाला दहापट शक्ती लागते. ३ वॅटमध्ये जे काम होत होतं त्याला ३० वॅट लागू लागले, म्हणजे आपलं सगळं मशीन तिथेच संपलं. दुसरं मोबाइल. मोबाइलचा आवाज पूर्ण चढवून, वर त्यातलं आवाज वाढवायचं ॲप लावून तो मशीनला जोडला, की लाट मशीनच्या तोंडाशीच छाटली जाऊ शकते. त्यामुळे मशीनचं बटण अर्ध्यावर आहे म्हणजे मशीन अर्ध्या शक्तीवर आहे, असं समजू नये. ते निम्म्यावरच पूर्ण दमलेलं असू शकतं.

तिसरं कारण व्होल्टेज. मळ्यातल्या वस्तीवर रब्बीत सगळ्यांचे पंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात. लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या मशीनला २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर त्याची ताकद पाऊणपट होत नाही, जवळपास निम्मी होते. कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. काल ज्या बटणावर भजन स्वच्छ ऐकू येत होतं, आज त्याच बटणावर ते फाटतं. माणसाला वाटतं स्पीकर बिघडला, म्हणून तो आणखी चढवतो. अशा वेळी आवाज कमी करावा, दुसरा इलाज नाही.

मग मशीन केवढं घ्यावं? जाणकार सांगतात की मशीनचे आर.एम.एस. वॅट स्पीकरच्या वॅटच्या दीडपट, अगदी दुपटीपर्यंत चालतात, म्हणजे आवाज फाटायला वावच राहत नाही. बटण एकाच समजूतदार माणसाच्या हाती असेल तर हे अगदी खरं आहे. पण आपल्या घरी बटणाला दहा हात लागतात. म्हणून आमची शिफारस बरोबरीची आहे : ८ ओहमचा ४० वॅटचा स्पीकर असेल तर ८ ओहमवर ४० वॅटच्या आसपास देणारं मशीन. फार तर ५० चं. २० चं मशीन जवळ असेल तर तेही चालवावे, फक्त फाटका आवाज कानावर आला की त्या क्षणी बटण मागे घ्यायचं. कान हाच मीटर.

देवळातलं मशीन घरी आणू नये

भजनी मंडळाचं किंवा ग्रामपंचायतीचं भोंग्याचं मशीन लग्नकार्यात घरी आणून त्यावर घरचे स्पीकर लावतात. त्या मशीनच्या मागे ४, ८, १६ ओहम अशी टोकं असतात, आणि शेजारी १०० व्होल्ट असं लिहिलेलं एक टोक असतं. ते लांबवर वायर नेऊन, ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या भोंग्यांसाठी आहे. तिथे अशा भोंग्यांच्या ओहमची चिंता करावी लागत नाही. सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटच्या आत ठेवली की झालं. पण घरचा ८ ओहमचा स्पीकर चुकून त्या टोकाला लावला तर तो १२५० वॅटची मागणी करतो. एक तर स्पीकरचा धूर निघतो, नाही तर मशीन बसतं, आणि मशीन तर गावाचं असतं. लावायचाच झाला तर ८ लिहिलेल्या टोकालाच लावावा, आणि मशीन १०० वॅटचं व स्पीकर २० चा, असला प्रकार असेल तर लावूच नये.

वायरीबद्दल थोडं. घंटीची बारीक वायर वापरू नये. ४ ओहमचा स्पीकर दहा मीटरवर असेल आणि वायर ०.२ चौरस मिलिमीटरची असेल, तर जवळजवळ ३० टक्के शक्ती वायरीतच जिरते. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर हे नुकसान ८ टक्क्यांवर येतं. पंचवीस-तीस मीटर न्यायची असेल तर अडीचची घ्यावी. जोडण्या मशीन बंद करूनच कराव्यात, आणि उघडी टोकं चिकटपट्टीने झाकावीत.

दोन स्पीकर असून ढोलकीचा आवाज मधोमध पातळ लागत असेल तर एकाच्या वायरी उलट्या असतील. मशीनपासून वायरी सोडवून भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. त्याचं वरचं टोक स्पीकरच्या लालला आणि बूड काळ्याला क्षणभर टेकवा. मोठ्या स्पीकरचा कोन बाहेर सरकला पाहिजे. आत गेला तर खुणा उलट्या आहेत. ट्वीटरवर ही परीक्षा करू नये.

अंगणात वाजवणाऱ्यांसाठी कायद्याची गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले १५ पर्यंत दिवस ठरवून मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस आधी जाहीर होतात. वस्तीच्या भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ५० वॅटच्या दोन पेट्या अंगणात पूर्ण चढवल्या की ती केव्हाच ओलांडली जाते.

जुना स्पीकर विकत घेताना मल्टिमीटर असलेल्या दुरुस्तीवाल्याला बरोबर न्यावे. ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. मीटर विजेचा साधा अडथळा मोजतो म्हणून आकडा थोडा कमी येतो, त्यात खोट नाही. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली आहे. एक-दीड ओहम दाखवले तर कॉइल जळून आतल्या आत चिकटलेली आहे. असा स्पीकर फुकट मिळाला तरी मशीनला लावू नये, तो मशीनलाही घेऊन जातो. मग कोनावर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून तो सरळ, हलकेच आत दाबा. खर्र असा आवाज आला तर कॉइल घासते आहे. कोन-कॉइल बदलून देणारे कारागीर तालुक्याच्या गावी मिळतात. त्यांच्याकडे नेताना मूळचे ओहम किती होते ते चिठ्ठीवर लिहून द्या आणि परत घेताना मीटर लावून बघा. आठच्या जागी चारची कॉइल बसली असेल तर ती तिथल्या तिथे बदलून घ्यावी.